कृषिशास्त्रज्ञ सभासद होतो तेव्हा



सेवामंडळात नवा सभासद आला की त्याचा परिचय करून देण्याची एक ठरीव पद्धत आहे. जन्मगाव, शिक्षण, नोकरीत भूषविलेली पदे, मिळालेले मानसन्मान, मुलाबाळांची प्रगती, असा क्रम असतो. टाळ्या पडतात, कोटाला बिल्ला लावला जातो आणि चहा येतो. डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या बाबतीत एवढे पुरते, कारण त्यांचा उपयोग काय, हे ऐकणाऱ्यांना आधीच ठाऊक असते. निवृत्त कृषिशास्त्रज्ञाचे तसे नाही. त्याच्या नावापुढील पदव्या ऐकून सभा आदराने मान डोलावते आणि त्यानंतर त्याच्याकडे वृक्षारोपणाच्या दिवशी खड्ड्यात पहिले रोप ठेवण्याचे काम सोपविले जाते. ज्याने तीस-पस्तीस वर्षे माती, पाणी व पीक यांचा हिशेब ठेवला, त्याचा हा उपयोग फारच थोडा म्हटला पाहिजे.

या मंडळांची मूळ कल्पना याहून निराळी होती. शिकागो शहरात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी रोटरीची पहिली बैठक भरली. तीत पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी असे चौघे होते. प्रत्येक व्यवसायातला एक माणूस घ्यावा आणि त्याने आपल्या व्यवसायाचे मर्म इतरांना सांगावे, हे त्या मंडळाचे तत्त्व. नव्या सभासदाने आपल्या धंद्याविषयी बोलण्याची चाल त्यातूनच पडली. १९१९ मध्ये कलकत्त्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत रोटरी आली; १९१७ साली अमेरिकेत निघालेली लायन्स संस्था १९५६ मध्ये भारतात पोचली. ही मंडळे शहरांत रुजली, त्यामुळे त्यांच्या व्यवसायांच्या यादीत शेती बहुधा शेवटी राहिली. स्त्रियांना तर रोटरीचे दार १९८९ पर्यंत बंदच होते. वाडीतील निम्म्याहून अधिक काम ज्या हातांनी होते ते हात सभेबाहेर ठेवून शेतीचा विचार कसा होणार होता, हा प्रश्न येथे नुसता नोंदवून पुढे गेलेले बरे.

राजोडीसारख्या गावात मात्र शेतीचा जाणकार यादीच्या शेवटी असून चालणार नाही. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, एका बाजूला कळंब व दुसऱ्या बाजूला अर्नाळा-आगाशी यांच्या परिसरात हे गाव समुद्राला टेकून आहे. किनाऱ्यावर सुरूची झाडे, त्यांच्यामागे नारळी-केळींच्या वाड्या, भाजीचे वाफे, फुलांची शेते, पानवेलीचे मळे, ही या पट्ट्याची जुनी ओळख आहे. इंग्रजी अमदानीत १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीचे सविस्तर वर्णन आहे. बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी, सोनकेळी अशा केळींच्या जातींची नामावळीच त्यात दिलेली आढळते. राजेळी पिकवून, सोलून, दिवसेंदिवस उन्हात वाळवून केलेली आगाशीची सुकेळी तेव्हाही प्रसिद्ध होती. ज्या शेतकऱ्याने एका केळीच्या इतक्या जाती ओळखून, नावे देऊन, निगुतीने जपल्या, त्याला अडाणी समजून त्याच्यापुढे व्याख्यान देण्याचा मोह नव्या शास्त्रज्ञ-सभासदाने प्रथम टाळावा. त्या शेतकऱ्याकडे नसलेले असे काय या शास्त्रज्ञाकडे आहे, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर महाराष्ट्रातच शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने दिलेले आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १९०७ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. अधिकारी म्हणून ते दौरे काढीत, अहवाल लिहीत, हे त्या काळच्या कोणत्याही साहेबाप्रमाणेच होते. त्यांचे वेगळेपण असे की, शेतीचे दैन्य कशामुळे आहे याविषयी ऐकीव मते उगाळत न बसता त्यांनी एक गाव निवडले आणि तेथे मोजायला सुरुवात केली. पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे ते गाव. जुनी दप्तरे उघडून त्यांनी दाखविले की, १७७१ मध्ये तेथील सरासरी खाते ४० एकरांचे होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले. १५६ खातेदारांची जमीन ७१८ तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांतील ४६३ तुकडे एकाएका एकराहूनही लहान होते. १९१७ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने बाहेर आला. त्यानंतर त्यांनी ना. वि. कानिटकर या आपल्या सहकाऱ्यासमवेत जातेगाव बुद्रुक या अवर्षणाच्या पट्ट्यातील गावाची तशीच पाहणी केली. तिचे पुस्तक १९२१ मध्ये निघाले.

या दोन पुस्तकांतील आकडे आज शाळेच्या अर्थशास्त्रातही भेटतात. परंतु ते गोळा कसे झाले असतील याचा विचार क्वचित होतो. घरोघर जावे लागले असेल. कर्ज किती, बैल किती, शेत कोठे, हे परक्या माणसाला सांगणे कोणाला आवडते? मॅन यांच्यावर लोकांचा विश्वास बसला, त्यामागे एक कारण संभवते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी चालविलेल्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या पुण्यातील कार्याशी त्यांचा जवळचा संबंध होता. म्हणजे शेतकी खात्याचा अधिकारी आणि सेवाकार्यातला कार्यकर्ता या दोन भूमिका एकाच माणसात एकत्र आल्या होत्या. सेवामंडळात कृषिशास्त्रज्ञाने काय करावे याचा नमुना शोधावयाचा तर तो येथे सापडतो. १९२७ मध्ये मॅन यांनी हिंदुस्थानातील नोकरी सोडली, पण त्यांचे काम थांबले नाही; इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर ते वयाची ऐंशी वर्षे उलटून जाईपर्यंत काम करीत राहिले. कानिटकरांनी मापनाचा तोच वसा कोरडवाहू शेतीत चालविला. १९२३ पासून मांजरीला आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथे जे कोरडवाहू संशोधन झाले, त्यातून ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेलेली शेतीची रीत तयार झाली. पावसाचा थेंब शेतातच कसा मुरवावा, हे तिचे सार होते.

आणि आता पिंपळे सौदागरला गेले तर काय दिसते? पिंपरी-चिंचवड शहराचा तो एक गजबजलेला भाग आहे. उंच इमारती, दुकाने, मोटारींची रीघ. मॅन यांनी मोजलेले ते तुकडे शोधूनही सापडणार नाहीत. त्यांच्या आकड्यांनी गाव वाचले नाही, हे मान्य केले पाहिजे. तो त्यांचा हेतूही नव्हता. परंतु राजोडीच्या श्रोत्यांनी या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये. विरारपासून वसईपर्यंतची लोकसंख्या गेल्या चार दशकांत कशी वाढली हे येथील प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले आहे. १९९० मध्ये या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये पालघर हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. हिरव्या वसईसाठी येथील लोकांनी मोठी चळवळही केली. इमारत आणि वाडी यांतला वाद सर्वांना दिसतो. त्याच्याही खाली, जमिनीच्या पोटात, एक दुसरा वाद चालू आहे, तो कोणाला दिसत नाही. तो गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा आहे आणि शास्त्रज्ञ-सभासदाचे खरे काम तेथे आहे.

समुद्रकाठच्या रेताड जमिनीत पावसाचे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते त्याहून किंचित हलके असते. किती हलके? समुद्राचे पाणी गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट जड. एवढ्याशा फरकाचा परिणाम मोठा आहे. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर घायबेन या डच आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचा नियम मांडला. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट उंच असेल तर तिच्याखाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. ऐकायला हे समाधानकारक वाटते. पण हिशेब उलटाही चालतो. उपशामुळे पातळी एक फूट कायमची खाली गेली तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकते. प्रत्यक्षात जमिनीचे थर सारखे नसतात, म्हणून नियम अक्षरशः लागू पडत नाही. कल मात्र तोच राहतो. विहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला पाणी केवळ फूटभर खाली गेलेले दिसते. तळाशी काय झाले ते त्याला कसे कळावे?

पूर्वीच्या माणसाला हा नियम ठाऊक नव्हता, तरी त्याची विहीर गोडी राहिली. वसईच्या वाड्यांत रहाट होते. माळेला बांधलेली मातीची गाडगी भरून वर येत, पाटात रिती होत आणि बैल किंवा रेडा गोल फिरत राही. जनावर दमले की रहाट थांबे; तेवढ्यात विहिरीत पाझर परत येई. विजेचा पंप दमत नाही. बटन दाबून घरी गेलेल्या मालकाच्या मागे तो विहिरीचा तळ दिसेपर्यंत चालू शकतो. यात पंपाचा दोष नाही आणि रहाटाकडे परत जाण्याचा उपदेशही कोणी करू नये. ज्याने तो हाकलेला नाही त्यालाच रहाटाचे काव्य फार सुचते. पण जनावराच्या थकव्याने आपोआप घातलेली मर्यादा गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही आली नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्यात भर पडली टँकरची. वाढत्या वस्तीला पाणी हवे होते, वाडीत विहीर होती आणि भाजीपेक्षा पाण्याला भाव बरा मिळत होता.

दुसरी गोष्ट बावखलांची. वसईबाहेरच्या पाहुण्याला हा शब्द समजावून सांगावा लागतो. बावखल म्हणजे वाडीतला मोठा, उघडा, खोल खोदलेला पाणसाठा. तळ्याहून लहान, विहिरीहून मोठा. पावसाचे पाणी त्यात साठते, तेथून शेजारच्या विहिरींना पाझरते आणि वाडीला शिंपणही होते. अनेक बावखले खाजगी वा सामायिक मालकीची आहेत. भाऊबंदकी वाढली, वाड्या विकल्या गेल्या, तशी कित्येक बावखले माती आणि राडारोडा टाकून बुजविण्यात आली. बुजविलेल्या बावखलाची किंमत रुपयांत सर्वांना कळते, कारण तेवढी सपाट जागा हाती येते. पाण्यात तिची किंमत काय? येथे साधे अंकगणित पुरेल. दहा गुंठ्यांचे बावखल म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आजूबाजूने वाहून येणारे पाणी सोडून दिले, तरी नुसत्या आभाळातून त्या खड्ड्यात पडणारे पाणी वीस लाख लिटर भरते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर दोनशे खेपा. हे सारे काही जमिनीत मुरत नाही, काही वाफ होऊन जाते. परंतु खड्डाच नसेल तर त्यातला मोठा भाग रस्त्यावर येतो. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी साचून आगगाड्या बंद पडल्या आणि मिठागरातील कुटुंबे अडकून पडली, ती आठवण अजून ताजी आहे. पावसाळ्यात पूर आणि वैशाखात खारी विहीर, ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

आता शास्त्रज्ञ-सभासदाने नेमके काय करावे? पाणी खारट झाले हे शेतकऱ्याला जिभेने कळते. तथापि जिभेला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. केळीला त्याआधी कळते, तिच्या पानांच्या कडा करपू लागतात. पानवेलही असे पाणी सोसत नाही; नारळ आणि चिकू पुष्कळ सोसतात. केळीच्याही आधी कळावे यासाठी एक लहानसे उपकरण आहे. विद्युत्‌वाहकता मोजणारा हा मापक खिशात मावतो. पाण्यात क्षार जितके अधिक तितकी वीज त्यातून सहज वाहते. सिंचनाच्या पाण्यासाठी जुन्या अमेरिकन वर्गवारीनुसार ०.७५ च्या आतील आकडा सामान्यतः चालण्यासारखा, ०.७५ ते २.२५ काळजी करण्याजोगा आणि त्यापुढचा बहुतेक पिकांना घातक मानला जातो. हा आकडा प्रतिमीटर डेसिसायमनमध्ये असतो. शेतकऱ्याने एकक विसरले तरी चालेल, आकडा विसरू नये. त्याहूनही स्वस्त मार्ग माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. पाण्याच्या नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबथेंब सोडीत गेले की, क्लोराईड संपताच पिवळा रंग विटकरी होतो. किती द्रावण लागले यावरून मिठाचा अंदाज येतो. नववी-दहावीचा विद्यार्थी हे करू शकतो. आपल्याच आजोबांच्या विहिरीचे पाणी बाटलीत घालून आणलेल्या मुलाला हा विटकरी रंग जितका लक्षात राहील, तितका पुस्तकातला प्रयोग राहणार नाही.

प्रत्येक विहिरीला एक क्रमांक द्यावा, वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्याच्या अखेरीस, पाण्याची पातळी व क्षारता मोजावी, वहीत लिहावे. चार-पाच वर्षांनी त्या वहीला जी किंमत येईल ती कोणत्याही भाषणाला येणार नाही. कोणत्या वाडीत केळी लावावी, कोठे नारळाकडे वळावे, कोणते बावखल आधी मोकळे करावे, पंप किती तास चालवावा, याचा निर्णय वहीवरून होईल. मातीसाठी मृदा आरोग्यपत्रिकेची योजना २०१५ पासून आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण दिले आहेत. याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे आणि तेथील शेतीसंस्थेत डॉ. जयंतराव पाटील यांनी आदिवासींच्या शेतीसाठी आयुष्य वेचले. पुढे ते केंद्रीय नियोजन मंडळाचे सदस्य झाले, तरी त्यांची ओळख कोसबाडचीच राहिली. या संस्थांची दारे राजोडीच्या शेतकऱ्याला बंद नाहीत, पण कोणत्या दारावर काय घेऊन जावे हे त्याला सांगणारे माणूस जवळ लागते. निवृत्त शास्त्रज्ञाला हे रस्ते पाठ असतात.

एक सावधगिरी. शास्त्रज्ञ निवृत्त झाला तरी शिफारस करण्याची त्याची सवय निवृत्त होत नाही. एका तालुक्यात यशस्वी झालेली मात्रा दुसऱ्या तालुक्यात छापील पत्रकाने वाटण्याचे दिवस सर्वांनी पाहिले आहेत. या बाबतीत वर्ध्याकडचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे उदाहरण आठवण्यासारखे आहे. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, महायुद्धात इराणपर्यंत भटकला आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत स्थिरावून चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाला. मक्यावर त्याने मोठे संशोधन केले. परंतु तेवढ्यावर न थांबता गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून घेणाऱ्यांच्या पंगतीत त्यांना रंगविले आहे. आयुष्याच्या अखेरीस खानखोजे नागपूरला येऊन राहिले आणि १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. जगाच्या दुसऱ्या टोकाला, परक्या भाषेत, परक्या शेतकऱ्याच्या शेजारी बसून ज्याने शिकविले, त्याने आधी त्या शेतकऱ्याचा मका समजून घेतला असला पाहिजे. राजोडीत आलेल्या शास्त्रज्ञानेही मुठेळी आणि राजेळी यांच्या पानांतला फरक वाडीतल्या एखाद्या आजीकडून शिकून घ्यावा. तिचे काम पाहून व्हायचे नाही, तिच्यासोबत आळे करावे लागेल.

दुसरी सावधगिरी मंडळाने बाळगावयाची आहे, आणि ती अधिक अवघड आहे. विहिरींची वही भरू लागली की काही आकडे गैरसोयीचे निघतील. ज्या विहिरीवरून टँकर भरतात तिच्याभोवतीच्या चार विहिरी खाऱ्या होत असल्याचे दिसेल. बुजविलेल्या एखाद्या बावखलाच्या शेजारचे पाणी दरवर्षी बिघडत असल्याचे दिसेल. सेवामंडळात बांधकाम व्यावसायिक असतात, वाहतूकदार असतात, वाडी विकलेले आणि विकू पाहणारेही असतात. समाजात जे आहेत तेच मंडळात येणार. आपल्याच सभासदाच्या अंगणाकडे बोट दाखविणारा आकडा वहीत तसाच राहू द्यायचा की ‘तूर्त नोंद नको’ म्हणून खोडायचा, याचा निर्णय पहिल्या मापनाच्या आधी, सर्वांच्या समक्ष झाला पाहिजे. नंतर झाला तर तो माणसाच्या तोंडाकडे पाहून होईल. वहीची एक प्रत शाळेत व एक गावच्या कार्यालयात ठेवावी, म्हणजे खाडाखोड करण्याचा मोहच कमी होईल. शास्त्रज्ञाला सभासद करून घेणे म्हणजे हा त्रास मान्य करणे होय. तो मान्य नसेल तर वृक्षारोपणाचा दिवस आहेच.

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पहिले मापन करणे सोयीचे पडेल. तेव्हा विहिरी वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीवर असतात आणि शाळेला सुट्टी असल्याने मुले मोकळी असतात. एक मापक, लांब दोरी, झाकणाच्या बाटल्या, कॅनव्हासच्या बांधणीची जाड वही आणि पावसात न पुसली जाणारी शाई एवढे साहित्य लागेल. सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी पाणी काढावे, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. भाजी-फुले घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या बाया परतण्याच्या वेळेच्या सुमारास एका आळीचे काम उरकलेले असेल. त्यांच्या वाडीच्या विहिरीचा आकडा त्यांना लगेच, तेथेच वाचून दाखवावा.